स्टोअरमधली बारा मिनिटं

उत्तराचा फोन आला तेव्हा मीनाक्षी दिल्लीतल्या मुनिरक्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन मेथी निवडत होती.

“आत्या, आज दुपारी दादाकडे ये. कॅब मी बुक करते.”

“का गं? वासंतीचं काही?”

“ती नर्स आईला कोंडून मारते.”

मीनाक्षीने हातातली काडी खाली ठेवली. “कोण म्हणतं?”

“आई स्वतः. फोनवर कुणाला तरी सांगत होती, सृष्टीने ऐकलं. आणि हे बघ, वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. त्या बाईला वहिनीनेच आणलंय.”

फोन ठेवल्यावर मेथी तशीच पडून राहिली.

कोंडलेलं माणूस मीनाक्षीने आयुष्यात एकदा पाहिलं होतं. लोदी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये, ती दहा वर्षांची असताना. आईची धाकटी बहीण दुर्गामावशी नवरा गेल्यावर अमरावतीहून आली होती. दिवसातून तीन-चारदा तिला दम लागायचा आणि छाती धरून ती थेट रस्त्यावर धावायची. बाबांच्या ऑफिसातली माणसं त्याच रस्त्याने सायकलवरून घरी जायची. मग मागच्या व्हरांड्याला फळ्या ठोकल्या आणि बाहेरून कडी लावली. मीनाक्षीला पुढच्या पायरीवर बसवलेलं असे. कुणी विचारलं तर म्हणायचं, मावशी अमरावतीला परत गेली. एकदा शेजारच्या भटनागरकाकूंनी विचारलं, “तो यह आवाज़ किसकी है?” मीनाक्षी म्हणाली होती, “बिल्ली की.” काकू तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग आपल्या घरात गेल्या. दोन वर्षांनी मावशीला कुठल्याशा इस्पितळात नेलं. तिथून ती आली नाही. पुढे तिचं नाव घरात निघेनासं झालं. आईच्या शेवटच्या आजारात एकदाच निघालं, तेही तापात.

कॅबमध्ये बसताना मीनाक्षीने मनाशी ठरवलं, कुणी काहीही सांगो, आपण आधी वासंतीचे दंड बघायचे. मारलेलं असेल तर वळ असतील.

उत्तराच्या दादाचं, चैतन्यचं घर गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर होतं. तिथे जायचं म्हणजे लिफ्टनेच जायचं, आणि मीनाक्षी प्रत्येक वेळी डोळे मिटून घेई. गेल्या जुलैत याच लिफ्टमध्ये तिचा पाठचा भाऊ दत्तात्रय गेला. वीज गेली, जनरेटर लागला नाही, आणि नवव्या-आठव्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट पंचेचाळीस मिनिटं अडकून राहिली. आत तो आणि त्याची बायको वासंती, दोघंच. दार उघडलं तेव्हा वासंती खाली बसलेली होती आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

त्यानंतर सात महिन्यांत वासंती खाली उतरली नव्हती. आधी ती लिफ्टपाशी जाईना. मग बाथरूमचं दार लावेना. मग बसल्या बसल्या छाती धडधडायला लागे, बोटं बधिर होत आणि ती म्हणे, “आता मी जाणार.” घरी माणूस बोलावून तीनदा हृदयाचा आलेख काढला. हृदयात काही नव्हतं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर बोलून आजार सांगितला, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, या कामात शिकलेली नर्स मिळाली तर बघा. राधा ही ती नर्स, मूळची गढवालातल्या पौडीची. मानसिक रुग्णांच्या वॉर्डात अकरा वर्षं काम केलेली. चैतन्यच्या बायकोने, देविकाने तिला शोधून आणलं त्याला आता नऊ आठवडे झाले होते. ती सकाळी नऊला यायची, संध्याकाळी पाचला जायची.

दार चैतन्यनेच उघडलं. “आत्या! अरे वा. आणि उत्तरा पण नोएडाहून? आज काय पार्टी आहे का आमच्याकडे, आणि आम्हालाच सांगितलं नाही?”

“आत येऊ देशील की दारातच उलटतपासणी?” मीनाक्षी म्हणाली.

देविका चहाचा ट्रे घेऊन आली. “आत्या, साखर घालू, की बिनसाखरेचं नाटक अजून चालू आहे?”

“घाल दोन चमचे,” म्हणत मीनाक्षीने आपल्या भाच्याच्या बायकोकडे निरखून बघितलं. बावीस वर्षं ती या मुलीला ओळखत होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण हिला फक्त चहा देतानाच पाहिलंय.

देविकाची मुलगी सृष्टी सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. एकोणीस वर्षांची पोर, पण आज तिला दहावीचा निकाल लागायच्या दिवशी वाटलं होतं तसं वाटत होतं. बुधवारी कॉलेजमधून ती लवकर आली होती. हॉलमध्ये कुणी नव्हतं, आजीच्या खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या स्टोअरचं दार बंद होतं. तिथे फक्त बॅगा आणि गव्हाचा डबा असायचा. आतून सिस्टरचा आवाज आला, “कितना?” आजीचा आवाज आला, “आठ.” मग बराच वेळ काही नाही. “अब?” “आठच.” आजीचा आवाज रडल्यासारखा होता. दार उघडलं तेव्हा सृष्टीने मोबाइलवर बघितलं होतं, ती आल्यापासून बारा मिनिटं झाली होती. आजीचे केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. सृष्टीला बघून ती दचकली आणि म्हणाली, “कुणाला बोलू नकोस हं.” त्याच संध्याकाळी फोनवर आजी तो शब्द बोलली होती.

पप्पांनी हॉलमध्ये आणि आजीच्या खोलीत कॅमेरे लावले होते; आजी रडली तरी त्यांच्या फोनवर अलर्ट वाजे. स्टोअरमध्ये नव्हता. हे सिस्टरला माहीत असणारच, असं सृष्टीला वाटलं आणि तिने उत्तराआत्याला मेसेज केला. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी पोलीसच बोलावले असते. मम्माला का नाही सांगितलं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

“दादा,” उत्तराने चहाचा कप तसाच खाली ठेवला, “त्या सिस्टरला बाहेर बोलाव. तुझ्या कॅमेऱ्यात स्टोअर दिसतं का?”

“स्टोअर? तिथे काय आहे?”

“तेच विचारायला आलोय आम्ही.”

मग तिने सगळं सांगितलं. चैतन्य ऐकता ऐकता उभा राहिला. “कोंडून? आमच्या घरात? देविका, तू ऐकतेयस?”

देविका ऐकत होती. ट्रे तिच्या हातातच होता. स्टोअरचं तिला पाच आठवड्यांपासून माहीत होतं. सासूबाईंनीच एका सकाळी भाजी चिरताना सांगितलं होतं, “चैतन्यला यातलं बोलू नकोस. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की तो सगळं बंद करेल. त्याला सहन होत नाही, आणि त्याला सहन होत नाही म्हणून मी वरच अडकून पडते. शपथ घे.” बावीस वर्षांत सासूबाईंनी तिला विश्वासात घेऊन सांगितलेली ही पहिली गोष्ट. देविकाने शपथ घेतली होती आणि तिला ते आवडलं होतं. आता सगळे तिच्याकडे बघत होते आणि बोलायचं तर शपथ मोडायची होती.

“मी आईंना विचारून सांगते,” ती म्हणाली.

“म्हणजे तुला माहीत होतं!” उत्तरा ताडकन म्हणाली. “बघ दादा. आणि नोएडाच्या त्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक तुझ्या गाडीत होतं वहिनी, मी दिवाळीतच बघितलं होतं. तेव्हा गप्प बसले.”

“ते माझ्या आईसाठी होतं, उत्तरा.”

देविकाच्या आईला कुणी ठेवून घ्यायचं, हा प्रश्न या घरात कधी निघालाच नव्हता, हे मीनाक्षीच्या लक्षात आलं.

चैतन्यने आतल्या दाराशी जाऊन हाक मारली. राधा बाहेर आली. तिशी-पस्तिशीची, बुटकी, निळसर सलवार-कमीज, हातात एक वही. उत्तराने हात पुढे केला. “दिखाइए.”

“यह आंटीजी की कॉपी है, मैडम. उनसे पूछकर दूँगी.”

“मैं उनका बेटा हूँ,” चैतन्य म्हणाला.

“जी,” राधा म्हणाली, पण वही दिली नाही. उत्तराने ती ओढूनच घेतली आणि पानं उलटली. “हे बघा. बुधवार. स्टोअर, बारा मिनट. नऊ, आठ, आठ, सात, पाच. ये गिनती किस चीज़ की है?”

राधाने वासंतीच्या बंद दाराकडे एकदा बघितलं. “आंटीजी कहेंगी तो बताऊँगी.”

“वा!” उत्तरा म्हणाली. “आईला मारायचं आणि आईच्याच परवानगीने सांगायचं.”

“आप कल से मत आइए,” चैतन्य म्हणाला. “आज का हिसाब देविका कर देगी. अभी जाइए.”

राधाने मान हलवली. “जी. पर आंटीजी को बताकर जाऊँगी. चुपचाप नहीं. इस बीमारी में कोई बिना बताए चला जाए, वही सबसे बुरा होता है.”

न सांगता गेलेलं माणूस चैतन्यच्याही डोळ्यांसमोर आलं असावं. तोवर मीनाक्षी उठून वासंतीच्या खोलीत गेली होती आणि तिने दार लोटून घेतलं होतं.

वासंती पलंगाच्या कडेला बसली होती, केस विंचरलेले, साडी नीट, पायात बाहेरच्या चपला. मीनाक्षीने काही न बोलता तिच्या ब्लाउजची बाही वर सारली. मग दुसरी.

“वन्सं, लस द्यायचीय का?”

“वासंती, खरं सांग. ती तुला मारते?”

“कोण?”

“ती नर्स.”

वासंती हसली नाही. मीनाक्षीच्या तोंडाकडे बघत राहिली, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असताना चुकीची फाईल समोर आली की बघायची तशी. “बाहेर एवढा वेळ हे चाललंय? मला वाटलं, हा फ्लॅट विकण्यावरून भांडताय.”

“तूच फोनवर बोललीस म्हणे. बुधवारी.”

“बुधवारी उल्काशी बोलले. माझ्या सेक्शनमधली, नाही का, आता पुण्याला असते ती. तिला मी काय सांगितलं...” वासंतीने कपाळ चोळलं. “आठवत नाही बाई.”

मीनाक्षीने दार उघडून सृष्टीला हाक मारली. सृष्टी आली, तिच्यामागे उत्तरा, मग चैतन्य आणि देविका. राधा दाराबाहेरच उभी राहिली.

“शब्द न् शब्द सांग,” मीनाक्षी म्हणाली. “आजी काय म्हणाली?”

“मला एक्झॅक्ट आठवतंय, आत्याआजी. आजी म्हणाली, काय सांगू तुला, दिवसभर माझा कोंड-मारा होतो.” सृष्टीने दोन तुकडे वेगळे करून उच्चारले. “कोंडायचं आणि मारायचं. असंच ना?”

मग मीनाक्षीला हसू फुटलं. ती पलंगावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चैतन्यही हसायला लागला, सुटल्यासारखा. “ओ गॉड. सृष्टी, यार!”

“काय झालं? सांगा ना!”

“अगं बाळा, कोंडमारा,” मीनाक्षी म्हणाली. “एक शब्द आहे तो. मनातलं मनातच राहतं, बोलायला वाट मिळत नाही, तो कोंडमारा. त्यात कुणी कुणाला मारत नाही.”

“मग त्यात मारा कशाला आहे?”

“ते मला नाही माहीत,” मीनाक्षीने कबूल केलं.

सृष्टीचे कान लाल झाले. उत्तराने डोळे मिटले. तिला हा शब्द चांगला माहीत होता, पण तिच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता, त्याचं भाषांतर पोचलं होतं.

“हसून झालं?” वासंती म्हणाली. “आता विचारा, कुणामुळे.”

हसणं थांबलं.

“पोरीने अर्थ चुकीचा लावला. शब्द मी बोलले आणि तो खरा आहे.” तिने छताच्या कोपऱ्याकडे बोट केलं. “तो डोळा आधी काढ, चैतन्य. मी रडले की दोन मिनिटांत तुझा ऑफिसातून फोन. आई, काय झालं? आई, पाणी पी. मला माझ्या नवऱ्यासाठी धड रडता येत नाही. मी हॉलमध्ये आले की तुमचा विषय बदलतो. सगळे हळू बोलता. मी काही चोरी केलीय का? मला म्हणता, आई, काही नाही गं, तुला उगाच वाटतं. उगाच? ही राधा एकटी मला उगाच म्हणत नाही. ती विचारते, भीती दहापैकी किती. मी नऊ म्हटलं तर नऊ लिहिते. आठ म्हटलं तर आठ. तेच आकडे आहेत ते.”

“पण स्टोअरमध्ये?” चैतन्यने विचारलं.

“स्टोअर लिफ्टएवढं आहे. आम्ही टेप लावून मोजलं. पहिल्या दिवशी दार सताड उघडं ठेवून आत बसले, तरी तीन मिनिटांत पळाले. मग दार अर्धं. मग बंद. कडी आतून, माझ्याच हाताशी. भीती वर जाते, तिथे टेकते आणि मग आपली आपण उतरते. ती उतरेपर्यंत थांबायचं, एवढंच शिकायचं असतं. मी शिकतेय. बहात्तराव्या वर्षी.” ती थांबली, एक मोठा श्वास घेतला, तो हळू सोडला. “आणि देविकावर कुणी काही बोलू नका. तिला मी शपथ घातली होती.”

उत्तराने देविकाकडे बघितलं. “वहिनी, तू एवढं तरी बोलायचंस.”

“तू विचारायला आली नव्हतीस, उत्तरा. तू ठरवून आली होतीस.”

उत्तराचा चेहरा उतरला, पण ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. लहानपणापासून तिला पटलं नाही की ती पटलं नाही म्हणायची. “ठीक आहे. मारत नाही. पण आई त्या बाईच्या इतकी कह्यात गेलीय, हे कुणालाच खटकत नाही? घरच्यांशी बोलत नाही ते तिच्याशी बोलते. उद्या ती म्हणाली, खिडकीतून उडी मार, तर?”

“तर मी विचारीन, कितव्या आठवड्यात,” वासंती म्हणाली. “साडेचार वाजत आलेत. आज आमचं लिफ्टचं ठरलंय. एक मजला. सतरावरून सोळा. तिथे उतरायचं आणि जिना चढून वर यायचं. तू स्वतः बघ.”

“आज नको, आई,” चैतन्य म्हणाला. “आज एवढं सगळं झालंय.”

“तुझं झालंय. मी चपला घालून बसलेय मघापासून.”

चैतन्यने सगळ्यांकडे बघितलं आणि मग दाराबाहेर उभ्या असलेल्या राधाकडे. “एक मजला. पण काहीही गडबड झाली, तर सिस्टर आजपासून बंद. मग आई, तू मध्ये पडायचं नाहीस.”

“नाही पडणार.”

लिफ्टच्या समोर सगळे ओळीने उभे राहिले. राधा सगळ्यांना म्हणाली, “कोई कुछ बोलिएगा मत. ‘डरो मत’ भी नहीं.” दार उघडलं. वासंतीने उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून आत ठेवला. राधा तिच्या बाजूला उभी राहिली, हात न धरता. दार बंद झालं.

चैतन्य भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बघत होता. सतरा. त्या दिवशी त्याचा एक कॉल चालू होता. तो म्हणाला होता, “बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.” हे वाक्य त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला ते ऐकू आलं होतं, पण तिने कधी उच्चारलं नव्हतं. ती विसरली की तिने माफ केलं, की साठवून ठेवलं, हे त्याला सात महिने कळलं नव्हतं.

सोळा.

“पोचल्या,” मीनाक्षी म्हणाली आणि चपलांचा आवाज ऐकायला जिन्याशी गेली. जिन्यात काही वाजलं नाही.

पंधरा.

“दादा,” उत्तरा म्हणाली.

चौदा. तेरा.

“बघ! घेऊन गेली ना! सांगत होते मी!”

देविकाने दुसऱ्या लिफ्टचं बटण दाबलं होतं आणि दाबतच होती. बारा, अकरा, दहा. चैतन्यला वाटलं, आता आकडा थांबणार. नऊ. आठ.

सोळाव्यावर दार उघडलं होतं. समोर कुणाच्या तरी दारातली तुळस वासंतीला दिसलीही होती. पण पाय हलले नाहीत. “बाहर?” राधाने विचारलं. “थांब,” वासंती म्हणाली. मराठी राधाला आता कळत होती. उत्तर ती हिंदीतच देई. ती थांबली. आणि तेवढ्यात दार मिटलं. राधाचा हात बटणाकडे गेला, पण खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली होती आणि पायाखालची जमीन उतरायला लागली.

वासंतीच्या कानात नगारे वाजायला लागले. बोटं गेली. भिंती जवळ आल्या. आता मी जाणार, हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं. तिने राधाकडे बघितलं आणि तिला दिसलं की राधाच्या ओठावर घाम आहे.

“कितना, आंटीजी?” राधाचा आवाज रोजच्यापेक्षा बारीक होता.

“दहा.” दोन श्वास गेले. “आणि तुझा?”

राधाने थोडा वेळ लावला. “छह.”

वासंतीला का कोण जाणे, बरं वाटलं. या बाईने खोटं ‘शून्य’ सांगितलं असतं तर ती तिथेच कोसळली असती. तिने पाठ लिफ्टच्या भिंतीला टेकली आणि श्वास सोडायला लागली, घेण्यापेक्षा सोडणं लांब. नऊ आणि आठच्या मध्ये दत्तात्रय शेवटचं बोलला होता. लोकांना वाटतं, शेवटचं म्हणजे काहीतरी मोठं. त्याने विचारलं होतं, “गाडीची किल्ली चैतन्यकडे आहे ना?” आणि ती म्हणाली होती, “आहे.” सात महिने हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती रडायला लागली. लिफ्ट त्या जागेवरून खाली गेली. तिथे काहीच नव्हतं, इतर मजल्यांच्या मध्ये असतं तसंच.

तळमजल्यावर दार उघडलं. फ्रिजचा खोका घेऊन दोन माणसं उभी होती. “मैडम, निकलेंगी?” वासंती बाहेर आली. पाय फरशीवर होते. गार्ड उठून उभा राहिला. “नमस्ते आंटीजी! बहुत दिन बाद. गाँव गई थीं क्या?”

“हां,” वासंतीने डोळे पुसले. “वहीं थी.”

दुसरी लिफ्ट उघडली आणि चैतन्य जवळजवळ पळतच बाहेर आला, मागे उत्तरा, देविका, सृष्टी; मीनाक्षी वर जिन्याशीच राहिली होती. “किसने कहा था नीचे लाने को?” तो राधावर ओरडला. गार्डही सरकला. “एक मजला कहा था मैंने!”

“सर, मेरी—”

“मी सांगितलं,” वासंती म्हणाली. “सोळाव्यावर दार उघडलं. मी म्हटलं, आता खालीच जाऊ.”

उत्तराने आईकडे बघितलं, मग राधाकडे. राधा खाली बघत होती. “खरंच, आई?”

“तुला लेखी हवंय?”

“आंटीजी,” राधा हळूच म्हणाली, “गलती मेरी थी. दरवाज़े पर हाथ रखना था मुझे.”

“गप्प बस,” वासंती तितक्याच हळू म्हणाली. “चौतीस वर्षं नोकरी केली मी. काही बिघडलं की सेक्शनमध्ये सगळे खालच्या माणसाचं नाव पुढे करायचे. मी कधी केलं नाही, आज कशाला करू? चुकलीस, तर पुढच्या वेळी हात ठेव. पुढची वेळ यायला तू असायला हवीस.” मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “खाली आलेच आहे, तर बाहेर जाऊन येते. राधा, चल. बाकीचे इथेच थांबा.”

काचेचं दार ढकलून दोघी बाहेर गेल्या. फेब्रुवारीचं ऊन उतरत होतं. हिरवळीच्या कडेला एक बाक होता, त्यावर वासंती बसली. राधा थोडा वेळ उभी राहिली, मग तीही बसली.

आत चौघं काचेजवळ उभी राहिली. बाहेरचं ऐकू येत नव्हतं. वासंती काहीतरी सांगत होती. राधा जोरजोराने मान हलवत होती, नाही, नाही. वासंतीने पुन्हा तेच सांगितलं असावं. शेवटी राधाने होकार दिला आणि तोंड फिरवून ओढणीने डोळे टिपले.

“काहीतरी ठरवतायत दोघी,” उत्तरा म्हणाली. “दादा, मला हे अजून नीट वाटत नाही. आई एका मजल्याला घाबरत होती, आणि अचानक सतरा मजले?”

चैतन्यने दाराला हात लावला. देविका त्याच्याकडे बघत राहिली.

आई खोटं बोलली होती. तुला लेखी हवंय का, असं ती तेव्हाच विचारायची जेव्हा लेखी द्यायला तिच्याकडे काही नसायचं. शाळेत असल्यापासून त्याला ते माहीत होतं. म्हणजे सिस्टर चुकली होती. म्हणजे ठरल्याप्रमाणे आजच तिला जायला सांगायला हवं होतं. बाहेर आईने चेहरा उन्हाकडे केला होता. ती रडत होती, आणि या वेळी त्याच्या फोनमध्ये काहीच वाजलं नाही.

“मग सिस्टरचं काय?” उत्तराने विचारलं.

चैतन्यने दारावरचा हात काढला.

“उद्या नऊला येतील,” तो म्हणाला. “रोजच्यासारख्या.”